डावीकडे सरकलेला टीव्ही

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. तीन आठवडे रुग्णालयात काढून ते घरी आले, तेव्हा आमच्या नाशिकच्या घराचा हॉल ओळखू न येण्याइतका बदलला होता. सोफा गॅलरीत गेला होता, त्याच्या जागी भाड्याने आणलेली, पाठ वर-खाली होणारी लोखंडी खाट आली होती, आणि जेवणाच्या टेबलाशेजारी चाकांची खुर्ची उभी होती. हात धुण्याच्या बेसिनपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीचा आम्ही नव्याने विचार केला होता. फक्त टीव्हीचा विचार केला नव्हता. तो होता तिथेच होता, समोरच्या भिंतीच्या बरोबर मध्यावर, लाकडी कपाटाच्या वर पाच फुटांवर ठोकलेला. घर सजवताना ज्याने तो तिथे बसवला, त्याने तो भिंतीला शोभावा म्हणून बसवला होता.

अण्णांच्या मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली होती. त्यामुळे शरीराची डावी बाजू दुबळी झाली, हे कुणालाही समजण्यासारखे होते. समजायला जड गेले ते दुसरेच. त्यांच्या जगातून डावी बाजूच नाहीशी झाली होती. ताटातील उजवीकडची भाजी आणि पोळी संपे, डावीकडची कोशिंबीर आणि लिंबाची फोड तशीच राही, आणि ते म्हणत, ‘आज काही वाढले नाहीस, सूनबाई.’ मी ताट अर्धे फिरवून ठेवले की तीच कोशिंबीर त्यांना दिसे आणि ते ती आवडीने खात. डावीकडून हाक मारली तर ते उजवीकडे वळून पाहत. दाढी उजव्या गालाची होई.

हे डोळ्यांचे दुखणे नव्हते. मेंदूविकारतज्ज्ञांनी दृष्टीची तपासणी केली होती. डाव्या बाजूचे दिसत होते, पण तिकडे लक्ष जात नव्हते. काही रुग्णांची नजरच एका बाजूने अर्धी जाते. ते वेगळे, आणि त्याचा विचारही वेगळा करावा लागतो, असे त्यांनी बजावून सांगितले. अण्णांच्या बाबतीत डावी बाजू मेंदूच्या खिजगणतीतच उरली नव्हती. कागद-पेन्सिल देऊन त्यांनी अण्णांना घड्याळ काढायला सांगितले. अण्णांनी वर्तुळ काढले आणि एकपासून बारापर्यंतचे सगळे आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने बसवले. कागद परत देताना ते म्हणाले, ‘झाले.’

ते घड्याळ पाहून माझ्या नवऱ्याने तोंड फिरवले. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यात आरेखक होते. पस्तीस वर्षे त्यांनी पुलांचे आणि शाळांचे नकाशे काढले. आमच्या घरात एखादी तसबीर तिरकी लागली की ते जेवण सोडून उठत आणि ती सरळ करत. ‘दोन सूत खाली आहे,’ हे त्यांचे घरातील सर्वांत अधिक वेळा उच्चारलेले वाक्य असावे. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या मुलीला हे माप शाळेत कुणी शिकवले नाही, अण्णांनी शिकवले.)

घरी येऊ लागलेल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी खाटेवर अण्णांच्या उशाशी स्वतः बसून पाहिले आणि विचारले, ‘हे दिवसभर टीव्ही पाहतात का?’ पाहतात, मी म्हणाले. दुसरे ते काय करणार? ‘मग हा टीव्ही आपल्या विरुद्ध काम करतो आहे,’ त्या म्हणाल्या.

खाट हॉलच्या डाव्या कडेला होती आणि टीव्ही भिंतीच्या मध्यावर, म्हणजे अण्णांच्या उजवीकडे, तिरका आणि वर. त्यांची मान आणि नजर मुळातच उजवीकडे ओढलेली. त्यात आवाज, रंग, हालचाल, सगळे उजवीकडूनच. सकाळी अर्धा तास आम्ही त्यांना डावीकडे बघायला लावायचे, आणि उरलेले सहा तास टीव्हीने त्यांना उजवीकडे खेचायचे. शिवाय पाच फुटांवरचा पडदा पाहताना हनुवटी वर उचलली जाई आणि मान मागे मोडे. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. निरोगी माणूस ते ओझे विसरून जगतो. ज्याच्या मानेचे आणि खांद्याचे स्नायू एका बाजूने सैल पडले आहेत, त्याला ते विसरता येत नाही.

पहिला उपाय म्हणून आम्हाला खाट उलटी फिरवावीशी वाटली, म्हणजे टीव्ही आपोआप डावीकडे येईल. ताईंनी तो लगेच मोडीत काढला. खाट फिरवली की अण्णांची चांगली, म्हणजे उजवी, बाजू भिंतीकडे जाणार. खाटेवरून खुर्चीत उतरायचे ते चांगल्या बाजूच्या बळावर. ती बाजू भिंतीला लावून चालणार नाही. त्याऐवजी त्यांनी खाट भिंतीपासून दोन फूट पुढे ओढायला लावली, कुणीतरी डावीकडे बसू शकेल इतकी. आणि टीव्ही हलवायला सांगितला. कुठे हलवू, असे विचारल्यावर मिळालेले उत्तर मला तेव्हा त्रासदायक वाटले. ‘आधी बरोबर समोर. पंधरा-वीस दिवसांनी थोडा डावीकडे. मग अजून थोडा. आणि खुर्चीत बसतील तेव्हा खुर्चीसमोर.’

एक टीव्ही, चार जागा. अशा वेळी ज्या वस्तूचा उपयोग होतो तिला दुकानदार ‘फुल मोशन माउंट’ म्हणतात: भिंतीवर बसणारी एक पोलादी पाटी, तिला सांध्यांत दुमडणारा हात, आणि हाताच्या टोकाला टीव्ही. हात दुमडला की टीव्ही भिंतीला टेकतो, ओढला की पुढे येतो, डावीकडे-उजवीकडे वळतो, थोडा खाली झुकतो. टीव्हीबरोबर फुकट मिळणारा असतो तो साधा, एकाच जागी खिळलेला. हा वेगळा विकत घ्यावा लागतो.

विकत घेताना काय पाहावे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता ठाऊक आहे, म्हणून सविस्तर सांगते. टीव्हीच्या पाठीवर चार छिद्रे असतात. त्यांच्यातील आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. त्या मापाच्या पद्धतीला ‘वेसा’ म्हणतात. आमच्या ४३ इंची टीव्हीचे माप २०० बाय २०० होते. माउंटच्या खोक्यावर ते माप असायला हवे. खोक्यावर किती इंची टीव्ही चालेल हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि किती किलो पेलेल हे बारीक अक्षरांत. महत्त्वाचे आहे ते दुसरे. आमच्या टीव्हीचे वजन नऊ किलोच्या आसपास, म्हणजे आजच्या मानाने हलकाच. पाठीवरचे स्क्रू बरोबर मिळतात तेच वापरावेत, कारण लांबीने जास्त असलेला स्क्रू आत घुसून पडदाच खराब करू शकतो. सांधे किती घट्ट आहेत हे दुकानात हलवून पाहावे: एका हाताने हलला पाहिजे, पण पंख्याच्या वाऱ्याने किंवा स्वतःच्या भाराने सरकता कामा नये.

आणि हात किती लांब येतो? आम्हाला लांबच हवा होता. सात फुटांवरून पाहणाऱ्या माणसाच्या नजरेसमोरून पडदा डावीकडे न्यायचा, तर वीतभर सरकून भागत नाही. आम्ही सुमारे साठ सेंटिमीटर बाहेर येणारा, दुहेरी दांड्यांचा घेतला.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणी सांगितली नाही, आणि नावाने फसून आम्हीही विचारली नाही. ‘फुल मोशन’ म्हटले तरी असे बहुतेक माउंट वर-खाली होत नाहीत. पुढे येतात, वळतात, झुकतात. उंची मात्र एकदा ठोकली ती ठोकली. हे घरी आल्यावर लक्षात आले, तेव्हा माझा नवरा खाटेवर पाठ वर करून आडवा झाला, मी त्याच्या डोळ्यांच्या रेषेत काठी धरली आणि समोरच्या भिंतीवर खडूची खूण केली. मग तो चाकांच्या खुर्चीत बसला आणि पुन्हा खूण केली. पहिली खूण जमिनीपासून जवळजवळ पाच फुटांवर, दुसरी साडेतीन फुटांवर. रेललेल्या माणसाची नजर आपोआप वर जाते, बसलेल्याची सरळ जाते, हे तेव्हा कळले.

दोन्हींचा मध्य काढावा असे आम्हाला वाटले. ताई म्हणाल्या, मध्यापेक्षा खालीच बरे. खाली बघणे मानेला सोपे, वर बघणे अवघड. आणि टीव्ही पाहण्याच्या वेळी खाटेची पाठ अधिक उभी करा, रेलून पाहूच देऊ नका. ताठ बसणे हाही त्यांचा व्यायामच आहे. म्हणून पडद्याचा मध्य चार फुटांवर धरला, खाटेकडे असताना किंचित खाली झुकवून. डोळ्यांची रेषा पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागावर आली.

इथवर सगळे नीट झाले. बिघडले ते भिंतीत.

टीव्ही बसवायला जो माणूस आला तो घाईत होता. दिवसभरात त्याला आणखी सहा घरे करायची होती. त्याने ड्रिल लावले आणि लोण्यात सुरी जावी तसे ते आत गेले. खाली पांढुरकी, पिठासारखी भुकटी पडली. त्याने प्लास्टिकच्या गुल्ल्या ठोकल्या, स्क्रू पिळले. दोन स्क्रू शेवटपर्यंत घट्ट झाले नाहीत, नुसते फिरत राहिले. ‘बसेल आपोआप,’ तो म्हणाला. मी मान्य केले. घरात आजारी माणूस असताना कुणी ‘होईल’ म्हटले की ते खरे मानावेसे वाटते.

नऊ दिवसांनी केर काढताना पाहिले, तर माउंटच्या पाटीच्या वरच्या कडेला प्लॅस्टरमध्ये केसाएवढी चीर पडली होती आणि टीव्ही डाव्या कोपऱ्यात चांगला बोटभर खाली आला होता. मी तशीच बसून राहिले. टीव्ही पडेल या भीतीने नव्हे; ती भीती नंतर आली. बोटभर म्हणजे पाच-सहा सूत. ज्या माणसाला तसबिरीतील दोन सूत सहन होत नसत, तो नऊ दिवस या टीव्हीसमोर बसला होता आणि त्याला काही खटकले नव्हते. पडदा डावीकडे खचला होता. डावीकडचे त्यांना नव्हतेच.

त्या दिवशी टीव्ही उतरवून गादीवर ठेवला आणि ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, छिद्रातील भुकटी तळहातावर घेऊन चोळली आणि म्हणाले, ‘वहिनी, ही भिंत म्हणजे पाव आहे. पावात खुंटी मारून म्हैस बांधता येईल का?’

गेल्या काही वर्षांतील इमारतींत आतल्या भिंती बहुधा हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या असतात. त्यांना कुणी सिपोरेक्स म्हणते, कुणी एएसी ब्लॉक. हे ठोकळे इमारतीचा भार कमी करतात, उष्णता अडवतात. त्यांच्यात दोष नाही. पण त्यांत साधी प्लास्टिकची गुल्ली धरून राहत नाही. भिंत कशाची आहे ते भुकटी सांगते: लाल आली तर भाजलेली वीट, राखाडी आणि ड्रिल हळूहळू, दाणदाण आवाज करत आत जात असेल तर काँक्रीट, पांढुरकी आणि मऊ असेल तर हा पाव. अशा ठोकळ्यात ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसते फिरते छिद्र पाडायचे असते. हातोडा चालू राहिला की छिद्र आतून मोठे होते, आणि आमच्याकडे तेच झाले होते.

मिस्त्रींनी मला दुसरीही गोष्ट दाखवली. पाण्याने भरलेली कळशी त्यांनी मला छातीशी धरायला लावली, मग हात लांब करून धरायला लावली. बस्स, एवढेच. भिंतीला चिकटलेला टीव्ही वरच्या स्क्रूंना जेमतेम तीन-चार किलोने बाहेर ओढतो. वजन मुख्यतः खाली जाते. तोच टीव्ही साठ सेंटिमीटर पुढे आणला की वरच्या बोल्टांवरची ओढ तीस-पस्तीस किलोंवर जाते. पाटीवरच्या आणि खालच्या बोल्टांत वीस सेंटिमीटर अंतर धरून माझ्या नवऱ्याने हा हिशेब कागदावर मांडला. त्यात मुलीने कधी तो हात धरून झोका घेतला तर काय होईल, हे त्याने मांडले नाही. आम्हा दोघांनाही ते मांडायला नको होते. खाटेचा पायथा त्याच भिंतीपाशी होता.

उपाय तीन होते. एक, अशा ठोकळ्यांसाठीच बनवलेल्या खास गुल्ल्या. दोन, छिद्रात रासायनिक लुकण भरून त्यात बोल्ट बसवणे. तो चांगला उपाय आहे, पण करणारा जाणकार हवा आणि ते सुकेपर्यंत धीर हवा. तिसरा मिस्त्रींना पसंत होता: भिंत आरपार भेदून बोल्ट पलीकडे काढायचे आणि मागच्या बाजूला लोखंडी पाटी लावून नटांनी आवळायचे. म्हणजे भार ठोकळ्याच्या एका छिद्रावर न राहता पाटीभर पसरतो. भिंतीपलीकडे आमची झोपायची खोली होती आणि नेमके तिथे कपड्यांचे कपाट होते. ते सरकवले, फूटभर लांबीची पाटी लावली, कपाट परत जागेवर ढकलले. आज ती पाटी तिथे आहे हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नाही.

छिद्रे पाडण्यापूर्वी त्यांनी मुख्य स्विच बंद करायला लावला. ड्रिलसाठी शेजारून वायर ओढून घेतली. जुन्या छिद्रांचा त्यांनी नादच सोडला, वीतभर डावीकडे सरकले. पण विजेच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली छिद्र पाडायला त्यांची तयारी नव्हती, कारण भिंतीतील वायरींच्या नळ्या तिथूनच उभ्या जातात. पाणसळ लावून आडवी रेघ मारली. मी त्यांना सांगितले की या घरात पाणसळीचा मान मोठा आहे, आणि का तेही सांगितले. त्यांनी खाटेकडे पाहिले, अण्णांना नमस्कार केला आणि पाणसळ त्यांच्या उजव्या हातात दिली. अण्णांनी ती डोळ्यांसमोर धरली, बुडबुडा पाहिला. ‘चांगली आहे,’ ते म्हणाले. भिंतीवर ती धरायची तेव्हा त्यांनी धरली नाही, धरता येण्यासारखे नव्हतेच. पण काम संपेपर्यंत ती त्यांच्या मांडीवर राहिली आणि मिस्त्री प्रत्येक वेळी तिथून मागून घेत, परत तिथेच ठेवत.

वायरींना सांध्यापाशी सैल वळसा ठेवला, म्हणजे हात पूर्ण ओढल्यावर त्यांना ताण बसणार नाही. सांध्यांच्या खाचेत बोट अडकू शकते, म्हणून टीव्ही फक्त मोठ्यांनी हलवायचा असा नियम केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पान्याने बोल्ट तपासण्याचे काम नवऱ्याने घेतले आणि आजवर चुकवलेले नाही.

मग सुरू झाले ते खरे काम. ताईंनी टीव्हीच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत तांबडी चिकटपट्टी लावायला सांगितली. वाचताना, पाहताना नजर आधी त्या तांबड्या रेषेपर्यंत न्यायची, तिथे पोचलो की मग उजवीकडे यायचे. वर्तमानपत्राच्या डाव्या समासातही तशीच तांबडी रेघ. पट्टी आमच्या सात वर्षांच्या मुलीने लावली. आजोबांच्या उपचारात तिलाही काही करायचे होते. टीव्हीची वेळ ठरवून दिली: दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आणि तेव्हा कुणीतरी खाटेच्या डाव्या बाजूला बसून बोलायचे. नुसता चालू ठेवलेला टीव्ही काही शिकवत नाही, तो माणसाला फक्त गप्प करतो, असे ताईंचे मत होते. मला ते टीव्हीविषयी सर्वसाधारणपणेच खरे वाटते.

एक सावधगिरी त्यांनी दिली ती इथे लिहिणे भाग आहे, कारण उत्साहाच्या भरात आम्ही उलटेच करणार होतो. सगळेच डावीकडे न्यायचे नाही. पाण्याचा पेला, बोलावण्याची घंटा, चष्मा हे उजवीकडेच, जिथे त्यांना हटकून सापडेल तिथे. नाही तर माणूस तहानलेला राहील आणि घंटा आहे हेच त्याला कळणार नाही. डावीकडे न्यायचे ते फक्त ज्याच्याकडे जाण्याचा सराव करायचा आहे ते, आणि तेही बेताबेताने. टीव्ही कधी, किती सरकवायचा हे त्या ठरवत. आम्ही आमच्या मनाने बोटभरही सरकवला नाही. प्रत्येक रुग्णाचे दुखणे वेगळे असते. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी हा लेख वाचून टीव्ही हलवू नये, आपल्या थेरपिस्टना आधी विचारावे.

पहिला महिना सांगण्यासारखा नाही. क्रिकेटचा सामना लावला की अण्णा दर षटकाला विचारत, ‘धावा किती झाल्या?’ धावफलक पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात असे. ‘तांबडी रेघ शोधा, अण्णा,’ मी म्हणे. ते वैतागत. ‘कसली रेघ? मला सामना बघू दे.’ बातम्यांतील मथळ्यांचा ते फक्त उत्तरार्ध वाचत. एकदा मथळा होता ‘कांद्याचे भाव वाढले’. अण्णांनी मोठ्याने वाचले, ‘भाव वाढले.’ मी विचारले, ‘कशाचे?’ त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, ‘सगळ्याचेच.’ आम्ही दोघेही हसलो. रुग्णालयातून आल्यानंतर त्यांना मी प्रथमच हसताना पाहिले.

सहाव्या आठवड्यात टीव्ही पहिल्यांदा समोरून डावीकडे गेला, चार बोटे. त्यांना काही जाणवले नाही, पण मान त्याच्यामागून गेली. दसऱ्यानंतर ते रोज तासभर खुर्चीत बसू लागले, तेव्हा संध्याकाळी तोच हात ओढून मी पडदा टेबलाकडे वळवत असे. सासूबाई डाव्या खुर्चीत बसत आणि मुद्दाम गप्प राहत. ते स्वतः वळून ‘आहेस का?’ असे विचारीपर्यंत. कधी वीस मिनिटे जात. कधी ते विचारतच नसत, आणि आई उठून स्वयंपाकघरात जात.

हे सगळे टीव्हीमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपले आपण बरेच सावरतो, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते, आणि सकाळ-संध्याकाळचा व्यायाम वेगळा. आजही अण्णा दमले असले की डाव्या गालाची दाढी राहते. डाव्या पायातील चप्पल निघाली तर ते तसेच चार पावले चालतात. माउंटने एवढेच केले की दिवसाचे काही तास जे त्यांच्याविरुद्ध जात होते, ते विरुद्ध जायचे थांबले.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात तिळाचा पाक पाहत होते. हॉलमध्ये टीव्ही चालू होता, हात पूर्ण ओढून डावीकडे वळवलेला. मुलगी अण्णांच्या खाटेवर पाय दुमडून बसली होती. अचानक अण्णांचा आवाज आला, तो जुना, कार्यालयातला आवाज, जो आम्ही सहा महिने ऐकला नव्हता.

‘ती तांबडी पट्टी कुणी लावली?’

‘मी,’ मुलगी म्हणाली.

‘वर दोन सूत डावीकडे गेली आहे.’

मी गॅस बंद केला आणि दारात येऊन उभी राहिले. गेले चार महिने ती पट्टी आम्ही सर्वांनी पाहिली होती. ती तिरकी आहे हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आले नव्हते.

‘काढ ती,’ अण्णा म्हणाले. ‘नीट लाव. मी सांगतो तशी.’

मुलगी स्टुलावर चढली. मी मागून तिची कंबर धरली. तिने पट्टीचे वरचे टोक सोडवले आणि बोटांत धरून आजोबांकडे पाहिले.

‘उजवीकडे घे,’ अण्णा म्हणाले. ‘अजून थोडी. अजून एक सूत. हां. आता दाब.’